शून्य किलो तूर

तूर वाळायला लागली की तिला एक वास सुटतो. तो गवताचा नसतो, धान्याचाही नसतो. उन्हात उघडी ठेवलेल्या जुन्या लाकडी पेटीला येतो तसा काहीसा. मार्गशीर्ष सरत आला की आमच्या खजुरीचं सगळं रान या वासाचं होतं. सकाळी आळंदच्या बाजूने थोडी झुळूक आली की तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येतो आणि त्याच्या मागोमाग शेंगांची खुळखुळ. दूर कुणीतरी पत्त्यांचा जोड पिसत बसलंय असं वाटतं. ही खुळखुळ ऐकली की मी स्वेटर शोधायला लागते. ते नेहमीच्याच खणात, नेहमीच्याच घडीत असतं, पण शोधल्याशिवाय हिवाळा आल्यासारखं वाटत नाही.

रेवा, ईशान, तुमच्याकडे आता बर्फ असेल. परवा रेवाने फोटो पाठवला तेव्हा मला वाटलं बर्फाचाच आहे, म्हणून चष्मा लावून उजेडात गेले. बघते तर संगणकाचा पडदा. खाली लिहिलेलं: ‘आजी, तू मास्तरीण ना, मग हे बघ! सहा ओळींचं काम एका ओळीत बसवलं!’ आणि पुढे तीन हसरे चेहरे. मी ‘छान’ असं उत्तर दिलं. ते खोटं नव्हतं. ओळ खरंच छान होती, घट्ट विणलेल्या लोकरीच्या मोज्यासारखी, कुठे टोक दिसत नव्हतं. पण फोन ठेवला आणि मला तुमच्या आजोबांची आठवण आली. रिकामा तेलाचा डबा काठीने बडवत भर उन्हात उभे असलेले आजोबा. त्या ओळीचा आणि या डब्याचा काय संबंध, ते तुम्हाला कळायला हवं. माझ्या मनात एकातून एक निघत गेलं, तसंच सांगते.

तो हिवाळा अप्पांचा शेवटून दुसरा. तुमच्या आजोबांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, मीही म्हणू लागले होते. त्या सालीही अशीच थंडी होती. सकाळी विहिरीवर वाफ दिसायची. अप्पा गुडघ्याला तिळाचं तेल चोळत ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचे. तुरीची रास चालू होती. मळणीचं यंत्र रस्त्याकडेच्या रानात घरघरत असायचं आणि त्याचा भुसा उडून आमच्या तुळशीवर बसायचा. मी रोज ती तुळस धुवायची आणि अप्पा रोज म्हणायचे, “उद्या परत बसणारच हाय की.” मीही रोज म्हणायची, “उद्याचं उद्या.”

मात्र त्याच्या आदल्या सालची तूर कुणी विसरलं नव्हतं. त्या साली मर आला होता. उभं झाड उकळतं पाणी ओतल्यासारखं मान टाकायचं. आज एक ओळ, उद्या चार ओळी. माणसं बांधावर उभी राहून नुसती बघायची. गावात एकाच रानातली तूर हिरवी उभी राहिली, ती शांताक्काची. शांताक्काचं माहेर निंबर्ग्याचं आणि तिचं बियाणंही तिकडचंच, फार जुनं. दाणा लहान, तांबूस, वर बारीक ठिपके. बाजारात त्याला कुणी विचारत नसे. दोन्ही लेक सोलापूरला कामाला होते, ते तिला म्हणायचे की हे असलं कामून लावायलीस. ती लावत राहिली, कारण वरण त्याचंच गोड लागतं, असं तिचं म्हणणं होतं. मर आल्यावर मात्र सगळं गाव तिच्या दारात. तिने त्या सालची सगळी तूर डाळीला न घालता पुन्हा पेरली, वाढवली, आणि मी सांगतेय त्या हिवाळ्यात पोत्यांनी बियाणं झालं. कुणाकुणाला किती द्यायचं ते तिच्या डोक्यात पक्कं होतं. ते बियाणं गेलं असतं तर दुसरीकडे कुठे मिळालं नसतं. निंबर्ग्यालाही ते आता कुणी लावत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून जुन्या गोदामात छोटी डाळ मिल टाकली होती. मिल म्हणजे फार काही नाही. आधी चाळणी, मग खरखरीत रोलर, तो तुरीचं साल ओरबाडतो. मग तेल लावून वाळवायचं, आणि शेवटी डाळ फोडायची. यंत्रावर रहीमभाई होते, आयुष्य गिरण्यांत गेलेले. आणि वजनकाट्याजवळ एक संगणक, तो मात्र भाग्याचा.

भाग्या म्हणजे भाग्यश्री, गौतमअण्णांची मुलगी. त्यांचं रान शांताक्काच्या रानाला लागून. मधे एक बांध आणि बांधावर एक बोर. भाग्या कडगंचीला विद्यापीठात शिकायची, शनिवारी बसने यायची. मी गुलबर्ग्याला कॉलेजात गणित शिकवलेलं आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षांत संगणकही, हे कळल्यापासून तिला माझ्याकडे यायला कारण लागत नसे. मिलसाठी तिने स्वतः प्रोग्राम लिहिला होता. पोतं काट्यावर ठेवायचं, वजन आपोआप येतं, तूर आहे की बियाणं आहे ते दाबायचं की चिठ्ठी बाहेर. चिठ्ठीवर लिहिलेलं असे: दळायचं, इतके किलो. रहीमभाई चिठ्ठी बघून पोतं पुढे ढकलायचे. बियाणं असेल तर दळायचं शून्य किलो, म्हणजे फक्त चाळणी मारायची, रोलरला लावायचं नाही. गौतमअण्णा कामधंदा सोडून अर्धा दिवस तिथे उभे असायचे. कुणी विचारलं की, “बघायलो जरा मशीन,” म्हणायचे. बघायचे मात्र लेकीकडे.

एका दुपारी शांताक्का आमच्या ओसरीवर सूप घेऊन बियाणं निवडत बसली होती. एकेक किडका दाणा बोटाने बाजूला. भाग्या माझ्याकडे आली होती, ती तिथेच टेकली.

“अक्का, हे हातानं कवा व्हायचं? चाळणीवर टाका की. घटकाभरात होतंय.”

“तुझं मशीन माझं बी खाईल की गं.”

“न्हाई खात. बियाणं म्हणून खूण केली की नुसती चाळणी. रोलरला जातच न्हाई. मी लिवलंय तसं.”

“तू लिवलंयस?”

“व्हय, मीच.”

शांताक्काने सूप खाली ठेवलं. “मग टाकते,” म्हणाली.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, कारण तुमच्या मातीत ती नाही. आपल्याकडे तुरीचं बियाणं ठेवताना त्याला तांबडी माती कालवून चोळतात आणि वाळवतात. किडा लागू नये हा एक हेतू, आणि दुसरा असा की कुणी चुकून ते शिजवू नये. लाल दिसलं की कुणी हात लावत नाही. घरातल्या मुलांनासुद्धा ते कळतं. पण माती लावलेलं बियाणं चाळणीवर घालता येत नाही. म्हणून शांताक्काची पोती तशीच गेली, बिनमातीची. बघणाऱ्याला ती डाळीची तूर.

मी त्या सकाळी आमची तूर घेऊन मिलमध्ये बसले होते. भाग्याने स्वतःच्या हाताने ‘बियाणं’वर बोट ठेवलं, चिठ्ठी निघाली, रहीमभाईंनी ती वाचली आणि पोती ओतली. शांताक्का बाहेर कुणाशी तरी बोलत होती. यंत्राचा आवाज बदलला. चाळणीचा आवाज खळखळ असतो, रोलरचा घरर्र. मला त्या आवाजाचा अर्थ कळला नव्हता, पण भाग्या उठून उभी राहिली होती.

“बंद करा! रहीमचाचा, बंद करा!”

रहीमभाईंनी खटका ओढला. पोती जवळजवळ संपली होती.

“क्या हुआ माँ?”

“ते बियाणं हाय!”

“बियाणं?” त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून तिच्यासमोर धरली. “चिट्ठी पढ़कोच डाल्या मैं. पूरा दलो बोलको है इसमें. और बियाणं तो लाल रहता ना? इसमें लाल किधर है?”

चिठ्ठीवर पोत्यांचं पूर्ण वजन छापलेलं होतं. शून्य कुठेच नव्हतं.

शांताक्का आत आली ती आमच्या तोंडांकडे बघतच. रोलरखाली वाकून तिने मूठभर दाणे घेतले. साल जागोजागी सोललेलं, आतला पिवळा गर दिसत होता. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. भाग्याकडे वळून एवढंच म्हणाली, “काय गं, तूच लिवलंयस न्हवं?”

आणि रिकाम्या बारदानांच्या ढिगावर बसली.

तुमच्या काळातली माणसं म्हणतात की प्रोग्राममध्ये शब्द वाया घालवू नयेत. मी हैदराबादला संगणक शिकले तेव्हा आम्हीही हेच म्हणायचो, आणि आमच्याजवळ कारण होतं. जाड कागदाच्या पट्ट्यांना भोकं पाडून एकेक वाक्य लिहावं लागे. पट्ट्यांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी निकाल न्यायला यायचं. यंत्राच्या पोटात जागा एवढीशी. ज्याचा गठ्ठा बारीक, तो हुशार. मलाही त्या बारीक गठ्ठ्याचा अभिमान वाटायचा. तेव्हा यंत्रं गरीब होती, त्यांना थोडक्यात सांगावं लागे. आता यंत्रं सुखवस्तू झाली आहेत, दोन शब्द जास्त खर्च केले तर त्यांचं काही बिघडत नाही. वाचणाऱ्या माणसाचं डोकं मात्र तेव्हा होतं तेवढंच राहिलं.

त्या संध्याकाळी भाग्या लॅपटॉप घेऊन आली. डोळे सुजलेले. अप्पांनी स्वतः उठून तिच्यासमोर चहा ठेवला, आणि अप्पांनी चहासाठी स्वतः उठणं ही आमच्या घरात मोठी घटना असे. तिने ती ओळ काढून दाखवली. अगदी छोटी ओळ.

“वाच,” मी म्हटलं. “मोठ्यानं. खुणा न्हाईत वाचायच्या, मराठीत वाच.”

“बियाणं असेल... आणि... शून्य... किंवा वजन.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे बियाणं असेल तर शून्य, न्हाईतर वजन.”

“असं लिहिलंय?”

तिने ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं. तसं लिहिलेलं नव्हतं. ‘तर’ नव्हतं, ‘नाहीतर’ही नव्हतं. ‘आणि’, ‘किंवा’ या दोन खुणांकडून तिने त्यांचं काम करून घेतलं होतं. तिच्या वर्गातली सगळी मुलं तसंच लिहायची, चटकन होतं म्हणून. आणि बहुतेक वेळा ते चालतंच.

का चाललं नाही, हे अप्पांना समजावून सांगताना मला माझ्या सासूबाई आठवल्या. तुम्ही त्यांना पाहिलं नाही. येळवसीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या दिवशी सगळं घर रानात जायचं. खोपीत पूजा झाली की मडक्यातली आंबील, बाजरीचे उंडे आणि पालेभाज्यांची भज्जी अशी पंगत बसायची. सासूबाई वाढायला. नव्या सुनेने मान खाली घालून म्हणावं, “मला एकही नको.” सासूबाईंच्या लेखी हे उत्तरच नव्हतं. ‘एकही नको’ म्हणजे पोरगी लाजायली, म्हणजे हिने अजून काही सांगितलेलंच नाही. मग त्या आपल्या मनाने पानभर वाढायच्या. ‘अर्धा द्या’ म्हटलं तर अर्धाच मिळे. ते मी दुसऱ्या वर्षी शिकले.

भाग्याच्या प्रोग्रामच्या भाषेतलं यंत्र या बाबतीत सासूबाईंसारखं. ‘आणि’च्या पुढे त्याला शून्य दिसलं की ते म्हणतं, शून्य म्हणजे नकारच, म्हणजे काही मिळालंच नाही, चला, ‘किंवा’च्या पलीकडे काय ठेवलंय ते घेऊ. पलीकडे ठेवलं होतं पूर्ण वजन. म्हणून डाळीची तूर आली तरी पूर्ण वजन, आणि बियाणं आलं तरीही पूर्ण वजनच. वाटा दोन दिसत होत्या आणि दोन्ही रोलरकडे जात होत्या. त्या दिवसापर्यंत कुणी बियाणं आणलंच नव्हतं, त्यामुळे ओळ रोज बरोबर वाटत राहिली.

“म्हणजे माझ्या आईनं दळली म्हण की तूर,” अप्पा म्हणाले. भाग्याला हसू आलं आणि त्याच दमात रडू.

मला बोलण्यातलं ‘नाहीतर’ नेहमीच गमतीचं वाटत आलंय. आपण ते किती अर्धवट सोडतो! “अभ्यास कर, नाहीतर बघ.” काय बघ? “वेळेवर ये, नाहीतर...” पुढे नुसते डोळे. ऐकणारा आपल्या मनाने उरलेलं भरून घेतो, आणि प्रेमाच्या माणसांत ते बरोबर भरलं जातं. अप्पा बाजारला निघाले की मी म्हणायची, “भेंडी कोवळी असली तर आणा,” आणि ती जून निघाली की ते बरोबर गवार घेऊन यायचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं एका छपराखाली राहिल्यावर हे जमतं. यंत्र आपल्या छपराखाली राहिलेलं नसतं. आणि परकं माणूसही नसतं राहिलेलं. ती ओळ उद्या तिसऱ्याच कुणाला वाचायची असते, त्याला तुमचे डोळे दिसत नाहीत.

भाग्याने त्याच रात्री नव्याने लिहिलं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. तिला ते पुन्हा उघडवेना. शांताक्काने खाली बसताना जे विचारलं होतं, तेच तिच्या कानात होतं. ओळ काय, दोन मिनिटांत दुरुस्त झाली असती; बियाणं कुठून आणायचं?

दुसऱ्या दिवशी शांताक्का सोललेलं बियाणं घेऊन आमच्याकडेच आली. तिला घरी बसवेना. आम्ही मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवले. तीन-चार दिवस वाट बघायची होती. मी सकाळी उठून तुळस धुण्याआधी फडक्याला हात लावून बघायची, ओल आहे ना. मग एका सकाळी फडकं सोडलं तर पांढरे मोड. सगळ्यांना नाही, पण निम्म्याहून जास्त दाण्यांना. मी भाग्याला फोन करायला उठले तर शांताक्काने हात धरला.

“कामून सांगायलीस तिला? आज उगवलंय. साल गेलंय ह्याचं. मिरगापस्तोर टिकतंय व्हय हे? वैशाखात किडा लागून पीठ व्हतंय.”

तिचं बरोबर होतं. दाणा जिवंत होता, पण पेरणीला पाच-सहा महिने होते आणि तो तेवढं थांबणार नव्हता.

अप्पा गुडघा चोळत होते. मान वर न करता म्हणाले, “मग आजच पेरा.”

“अप्पा, संक्रांतीला तूर कोण पेरतंय का?”

“कुणीच न्हाई. म्हणून तर रानं मोकळी हायती.”

मी त्यांना गप्प करणार होते, पण ते चेष्टा करत नव्हते. आमच्या विहिरीजवळचा तुकडा बारमाही भिजतो. तिथे माझे मेथीचे, कोथिंबिरीचे, लसणाचे वाफे होते, दोरी लावून आखलेले. त्यांच्याकडे बोट दाखवून अप्पा म्हणाले, “बाईसाहेबांची परवानगी असली तर.” माझ्या वाफ्यांवरून ते मला आयुष्यभर चिडवत आले होते.

तर त्या संक्रांतीला सगळं गाव तूर कापत असताना आम्ही तूर पेरली. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबायचा. “काय अप्पा, पंचांग उलटं धरलंय का काय?” “शांताक्का, औंदा आषाढात हुरडा देणार म्हणं!” अप्पा सगळ्यांना उत्तरं द्यायचे, शांताक्का एकालाही नाही. भाग्या शनिवारी यायची ती बसमधून उतरून थेट रानात. खुरपं घ्यायची आणि दुसऱ्या टोकाला बसायची. त्या दोघींत बोलणं नव्हतं. शांताक्का मला सांगायची, “तिला म्हणावं पाणी सोड,” आणि भाग्या तिच्यापासून चार हातांवर असायची. पेरणीत न मावलेल्या उरलेल्या दाण्यांची रहीमभाईंनी डाळ करून दिली. तिचं वरण झालं त्या दिवशी अप्पांनी पानाला बोट लावून सगळं पुसून खाल्लं. “बियाण्याचं हाय,” म्हणाले, “पानात टाकू नका.”

उन्हाळ्यातली तूर तुम्ही पाहिलेली नाही. मीही तोवर पाहिली नव्हती. आमची काळी माती चैत्रात भेगाळते, नजर जाईल तिथे करपलेलं रान, आणि मधे एवढासा हिरवा तुकडा, त्यावर पिवळी फुलं, मागून लालसर रेघा असलेली. झाडं गुडघ्याएवढीच राहिली, पावसाळ्यात होतात त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत. तरी फुलली. आणि शेंगा भरायला लागल्या तसे राघू आले. दुसरीकडे हिरवं पानच नव्हतं, म्हणून साऱ्या तालुक्याचे राघू आमच्याकडे आले असावेत. अप्पा डोक्याला ओला पंचा बांधून, रिकामा डबा काठीने बडवत उभे राहायचे. मी म्हणायची, सावलीत या. ते म्हणायचे, “राघूला सांग आधी.” डॉक्टरांनी उन्हात जाऊ नका म्हटलं होतं. पण ऐकतील ते अप्पा कसले! त्यांचा चेहरा त्या उन्हाळ्यात रापून काळाभोर झाला होता. इतके खूश मी त्यांना निवृत्तीनंतर कधी पाहिले नव्हते.

त्या झाडांच्या सावलीत बसूनच भाग्याने पुन्हा लॅपटॉप उघडला. सावली म्हणजे काय, मांडीपुरती. तिने लिहिलं ते मला वाचून दाखवलं, मी न सांगता, मराठीत. जर बियाणं असेल तर दळायचं शून्य किलो आणि चिठ्ठीवर लिहायचं, ‘बियाणं, दळू नये.’ नाहीतर दळायचं पूर्ण वजन. कुणी काहीच निवडलं नसेल तर चिठ्ठी द्यायचीच नाही, आधी विचारायचं. एका ओळीच्या जागी सात-आठ ओळी झाल्या. चिठ्ठीवरचे शब्द तिने कन्नड, मराठी आणि उर्दू अशा तिन्ही लिपींत घातले.

“लांबलं का हो आज्जी?”

“लांबलं,” मी म्हटलं. “पण मला दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही.”

रेवा, तुझी ओळ मी त्या दिवशी चार वेळा वाचली. चौथ्या वेळी कळली. ती बरोबरच असेल. तू माझ्यापेक्षा कितीतरी जास्त शिकलीयस. पण तीत एका टोकाला ‘किंवा’ आहे, आणि त्याच्या अलीकडे कधीतरी खरंच शून्य आलं, कुणी मुद्दाम विचार करून शून्य सांगितलं, तर काय होईल, ते मला कळलं नाही. तुला कळत असेल तर तसं लिहून ठेव. तुझ्या खुर्चीवर उद्या जो बसेल, त्याला माझ्या सासूबाईंसारखी सासू लाभलेली नसणार.

उन्हाची झळ मोठी होती. निम्मी फुलं गळाली, राघूंनी त्यांचा वाटा घेतलाच. वैशाखात आम्ही ती तूर चादरीवर काठीने झोडपली. पोती कसली, जेमतेम दोन गाठोडी भरली. पण दाणा तोच होता, लहान, तांबूस, ठिपक्यांचा, साल अखंड. शांताक्काने एक दाणा दाताखाली धरून फोडला आणि मान हलवली.

ज्यांना शब्द दिला होता ती माणसं मिरगाच्या तोंडावर आमच्या ओसरीत जमली. सगळ्यांना सांगितलं होतं त्यापेक्षा कितीतरी कमी येणार, हे दिसत होतं. शांताक्का ओंजळीने घालत गेली. प्रत्येकाच्या पिशवीत सारखं. गौतमअण्णा दाराशीच उभे होते, पिशवी न घेता. त्यांचा नंबर आला तर म्हणाले, “अक्का, आमाला नगं. आमच्या पोरीनं तुमचं...”

“पिशवी आण,” शांताक्का म्हणाली.

“न्हाई अक्का.”

“पोरीनं चूक केली, तुझ्या रानानं काय केलंय?” मग मागे न बघता, बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा, “ए भाग्या, घरातून पिशवी आण गं. तुझ्या बापाला ऐकू येत न्हाई.”

भाग्या पळत गेली.

वाटून झालं तेव्हा चादरीवर फक्त कचरा आणि फुटके दाणे उरले होते. सगळी गेल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि मी विचारलं, “शांताक्का, तुला गं?”

“मी पेरीन की पुढल्या साली.”

“अगं, बियाणं तुझं!”

“आता गावात हाय न्हवं?” चादर झटकत ती म्हणाली. “मग कुठं जायलंय?”

त्या वर्षी तिच्या रानात मूग होता. आणि बांधाच्या पलीकडे, गौतमअण्णांच्या रानात, तूर.